आमची वाटचाल: अभिप्रायांच्या चार वह्या

स्वस्त मोबाइल डेटा आल्यावर राजारामपुरीतला आमचा सायबर कॅफे ओस पडला. शेजारचा साड्यांच्या दुकानाचा गाळा तेव्हा रिकामा होता. 2018 साली मी आणि माझ्या धाकट्या भावाने तो भाड्याने घेऊन तिथे एचटीसी व्हाइव्ह या व्हीआर यंत्राचे, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आणि हातात कंट्रोलर धरून आभासी जगात खेळायच्या यंत्राचे, दोन संच मांडले. खेळ बरेच ठेवले होते, पण पहिल्या दिवसापासून चालला तो ‘अ‍ॅरिझोना सनशाइन’. नेदरलँड्सच्या व्हर्टिगो गेम्सने डिसेंबर 2016 मध्ये आणलेला हा झाँबींवर, म्हणजे चालत्या-फिरत्या मुडद्यांवर, गोळ्या झाडण्याचा खेळ कोल्हापुरात इतका रुजला की, त्यातला नायक झाँबींना ‘फ्रेड’ म्हणतो म्हणून आमची पोरेही ‘फ्रेड आला बघ’ असे ओरडू लागली.

साड्यांच्या दुकानाचे आरसे आम्ही हौसेने भिंतीवर तसेच ठेवले होते. पहिल्या आठवड्यात जो तो हेडसेट काढून म्हणे, “ताई, बंदूक पळतीया की ओ!” आम्ही कंट्रोलर बदलले, बॅटरीवर संशय घेतला, केबल तपासल्या. हेडसेट आणि कंट्रोलर कुठे आहेत हे कळावे म्हणून खोलीत लावलेले बेस स्टेशन डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त लेझरचे झोत खोलीभर फिरवते आणि आरशावरून ते झोत उलटले की हातातल्या वस्तूची जागा चुकते, हे भावाच्या ध्यानात आले तेव्हा आम्ही त्याच रात्री सगळ्या आरशांवर जाड पडदे ठोकले. त्या दिवसापासून प्रत्येक खेळाडूचे मत वहीत लिहून घेण्याची पद्धत पडली. आज अशा चार वह्या आहेत, आणि माझ्या मते आमचे खरे भांडवल तेच आहे.

पहिल्या वहीत सर्वांत जास्त तक्रार आहे ती ‘गोळ्या पुरत नाहीत’ अशी. खेळातल्या खाणीच्या अंधाराविषयी मात्र दोन तट पडलेले दिसतात. टॉर्चच्या उजेडात समोर अचानक चेहरा येतो तो भाग वगळून द्या, असे निम्मे म्हणतात, आणि त्याच भागासाठी पैसे मोजले, असे उरलेले. गोळ्यांची तक्रार मिटवली ती आमच्या सुभेदार काकांनी. पायदळातून निवृत्त झालेले हे काका नातवाला घेऊन करवीर तालुक्यातल्या गावाहून दर रविवारी येत. बटण दाबून रिकामे मॅगझिन पाडायचे आणि पिस्तूल कमरेच्या पट्ट्याला लावून नवे भरायचे, ही खेळातली रीत त्यांनी दोन मिनिटांत उचलली. भीतीने घोडा ओढणाऱ्या पोरांना ते मागे उभे राहून, एक डोळा मिटा, डोक्याचाच नेम धरा, मोजून मारा, असे शिकवीत. त्यांचे स्वतःचे मत पहिल्या वहीत त्यांच्याच अक्षरात आहे: “गोळी सुटते, पण मनगटाला काही कळत नाही.”

2019 मध्ये एका रस्त्याच्या अंतरावर दुसरे केंद्र निघाले. दर आमच्यापेक्षा निम्मा, दारात फिरत्या खुर्च्या, आणि फलकावर आमच्याच खेळाचे नाव. घरी खेळण्यासाठी घेतलेली प्रत दुकानात चालवायची नसते, त्यासाठी व्यावसायिक परवाना घेऊन मिनिटांच्या हिशेबाने पैसे भरावे लागतात, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आम्ही ते भरत होतो. तिथे घरगुती प्रत चालत होती. तेही मी सोडून दिले असते. परंतु तिथून येणारी माणसे मळमळत बाहेर पडत, आणि महिनाभरात सबंध शहरात ‘व्हीआर म्हणजे उलटी’ असे मत पक्के झाले. आमच्या आरक्षणांची पाने कोरी राहू लागली, तीन महिन्यांचे भाडे थकले, आणि एक संच विकण्याची जाहिरात भावाने लिहूनही ठेवली.

तेव्हा सुभेदार काका स्वतः पैसे भरून तिथे खेळून आले आणि त्यांनी आमच्या वहीत लिहिले, “तिथे पाय न हलवता जमीन पळते. चित्रही अडखळते.” निदान अचूक होते. डोळे सांगतात आपण चाललो, तोल सांभाळणारा कानाचा आतला भाग, अंतर्कर्ण, सांगतो आपण उभे आहोत. या भांडणातून मळमळ होते, आणि सेकंदाला 90 चित्रे द्यायची तिथे संगणक कमी पडला की ती वाढते. हा खेळ आला तेव्हा एका जागेवरून दुसरीकडे थेट पोहोचण्याचीच पद्धत होती. सलग चालण्याची सोय पुढे आली, ती मुरलेल्या खेळाडूंना आवडते. त्या केंद्रात नवख्यांनाही सलग चालवत होते. आम्ही नवीन माणसाला पहिली दहा मिनिटे थेट पोहोचण्याच्याच पद्धतीने खेळवू लागलो, दिशेचे भान राहावे म्हणून एका बाजूने पंखा लावला, आणि मळमळ झाल्यास पैसे परत, असा फलक दारावर लावला. माणसे हळूहळू परत आली. ते केंद्र पुढे बंद पडले, पण आजही कोणीतरी मला विचारते, “तुमच्याकडेच ना आमच्या पोराला उलटी झाली होती?” याचे मला अजून वाईट वाटते.

घरी हेडसेट घेणाऱ्यांना सांगते, चित्र धूसर दिसले तर यंत्राला दोष देण्याआधी दोन भिंगांतले अंतर आपल्या डोळ्यांना जुळवा आणि हेडसेट डोक्यामागे थोडा खाली ओढा. भरपेट मिसळ खाऊन लगेच खेळू नका. पावसाळ्यात भिंगांवर वाफ धरते, म्हणून हेडसेट आधी थोडा वेळ चालू ठेवून गरम होऊ द्या.

मार्च 2020 नंतरचे दिवस सर्वांनीच सोसले, त्याविषयी लिहीत नाही. सुभेदार काकांच्या त्या जुन्या तक्रारीवर मात्र भावाने उपाय शोधला. एका कंट्रोलरच्या मुठीला त्याने शिशाची पट्टी बांधली असून तो कंट्रोलर आम्ही त्यांच्यासाठी वेगळा ठेवतो. गेल्या रविवारी त्यांनी चौथ्या वहीत लिहिले, “वजन ठीक. पट्टी अर्धा इंच मागे घ्या.” भावाने ती त्याच संध्याकाळी मागे घेतली.