धुवायला टाकलेले फोटो

लहानपणी ‘रोल धुवायला टाकलाय’ असं कुणी म्हटलं की मला खरंच वाटायचं, कुठेतरी फेसाच्या बादलीत आमचे फोटो घुसळून निघत असतील. आता या वयात कृष्णधवल फिल्म स्वतः धुवायला शिकतेय, तर ती कल्पना अगदीच चुकीची नव्हती असं वाटतं. साबण तेवढा नाही. बाकी पाणी, बादल्या, तळहाताला येणारा आंबूस वास आणि दोरीला चिमट्याने लटकणारी ओली पट्टी, सगळं तेच.

सुरुवात मात्र आंधळ्या कोशिंबिरीने होते. फिल्म रिळावर चढवायची ती मिट्ट काळोखात. डार्करूम म्हटलं की आठवतो तो लाल दिवा इथे चालत नाही, कारण नेहमीच्या फिल्मला लाल उजेडही दिसतो. प्रिंटच्या कागदाला तो दिसत नाही, म्हणून तो दिवा नंतर, प्रिंट काढताना. मी एका वाया गेलेल्या रोलवर आठवडाभर सराव केला, आधी उजेडात, मग डोळे मिटून. छान जमत होतं. खऱ्या अंधारात खरा रोल हातात आला आणि फिल्म मध्येच अडली. बोटांना घाम फुटला, घामाने ती आणखी चिकटली. आणि मी काय करावं? रीळ डोळ्यांजवळ नेऊन निरखून बघायला लागले!

पुढचं काम त्या मानाने स्वयंपाकासारखं. वीस अंशांचं डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, पहिला अर्धा मिनिट रीळ ठेवलेली बंद डबी सतत उलटी-सुलटी, मग दर मिनिटाला दहा सेकंद, आणि बुडबुडे सुटावेत म्हणून ओट्यावर एक टिचकी. शेवटी चित्र पक्कं करणारा फिक्सर, म्हणजे जुन्या लोकांचा हायपो. फिल्मवर उजेड टिपतात ते चांदीचे क्षार. ते हायपोत विरघळतात हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८१९ मध्येच दाखवलं होतं. तेव्हा फोटोग्राफी लोकांना ठाऊकच नव्हती. १८३९ मध्ये ती जगासमोर आली आणि चित्र टिकवायचं कसं या प्रश्नावर हर्शेलचा हायपोच कामी आला.

माझा पहिला रोल डबीतून निघाला तो काचेसारखा नितळ. छत्तीसपैकी एकही चित्र नाही. मी रसायनांना दोष द्यायच्या तयारीत होते. मला हे शिकवणाऱ्या सरांनी पट्टी दिव्यासमोर धरली. ‘‘कडेचे आकडे उमटलेत की नाही? मग धुणं बरोबर आहे. अहो, तुम्ही फोटोच काढले नाहीत.’’ फिल्मचं टोक कॅमेऱ्याच्या दात्यांत अडकलंच नव्हतं. मी दोन रविवार श्वास रोखून, कोन साधून, जागेवरून न हललेल्या फिल्मवर फोटो काढत हिंडले होते. आता खटका ओढताना गुंडाळायची चकती फिरतेय ना, हे आधी बघते.

ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर चित्र हळूहळू वर येतं, त्याबद्दल सगळेच भरभरून लिहितात, म्हणून मी लिहिणार नव्हते. पण खोटं कशाला बोलू, मीही ओरडले होते. त्या आनंदातच घोटाळा होतो. लाल उजेडात प्रिंट असतो त्याहून गडद दिसतो, काळा पडेल या भीतीने आपण तो घाईने उचलतो, आणि पांढऱ्या दिव्यात हाती येते राखाडी पेज. सरांचं म्हणणं एकच, दीड मिनिट म्हणजे दीड मिनिट. प्रिंट काळा होत असेल तर एनलार्जरखालचे, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या दिव्याखालचे, सेकंद कमी करा, ट्रेतले नाही. ते सेकंद ठरवायला टेस्ट स्ट्रिप: पुठ्ठ्याने कागद झाकायचा आणि दर तीन सेकंदांनी बोटभर उघडायचा. एकाच पट्टीवर तीन, सहा, नऊ, बारा सेकंदांचे उजेड शेजारी-शेजारी बसतात.

सध्या एकाच निगेटिव्हशी झटते आहे. खिडकीजवळची रिकामी खुर्ची. खुर्चीखाली खराखुरा काळा रंग यायला चार कागद गेले. मागची भिंत मात्र पांढरी हवी आणि तिचा पोतही दिसायला हवा. काल रात्री नऊ सेकंदांवर ते जमलं. प्रिंट धुतला, दोरीला लावला, दिवा मालवताना आणखी एकदा वळून पाहिला.

ओले कपडे गडद दिसतात आणि वाळले की फिके होतात. प्रिंटचं उलटं. सकाळी भिंत किंचित मळकी दिसत होती.

आज आठ सेकंद.