टांगा, वरात आणि पागा: आमची वाटचाल

आमच्या आबांचा टांगा होता. नाशिकरोड स्टेशनवर उतरलेले यात्रेकरू पंचवटीत आणायचे, रामकुंडाजवळ सोडायचे आणि दिवस मावळला की रिकामा टांगा घेऊन घरी. घरात आधी घोडीची चंदी यायची, मग माणसांचा किराणा. आबा घोडीच्या तोंडाला बांधलेला चंदीचा तोबरा रिकामा झालाय का हे बघितल्याशिवाय ताटावर बसत नसत. रिक्षा वाढल्या तसं टांग्याचं भाडं आटत गेलं. १९८८ साली आबांनी टांगा विकला. घोडी मात्र विकली नाही.

भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्या जोडीला एक पांढरीशुभ्र नुकरी घोडी आणली आणि वरातीचा धंदा सुरू केला. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत काम आणि चातुर्मासात नुसता खर्च. वीस वर्षं आमचं घर त्यावर चाललं, माझं शिक्षण त्यावर झालं. म्हणून त्या धंद्याला मी नावं ठेवत नाही. पण २००८ च्या लग्नसराईतली एक रात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. डीजेच्या गाडीला लागून आमची चांदणी उभी होती. पाठीवर नवरदेव, त्याच्या पुढ्यात चार वर्षांचं पोर. कुणीतरी तिच्या पायांशी फटाक्यांची माळ पेटवली. चांदणी उधळली नाही. जागच्या जागी थरथरत राहिली. अंग घामानं निथळत होतं, कान मागे चिकटले होते, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं, तरी तिनं पाऊल हलवलं नाही, कारण भाऊंचा हात तिच्या मानेवर होता. घरी आणल्यावर दोन दिवस तिनं चंदीला तोंड लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी भाऊंना म्हटलं, "भाऊ, आता बास." ते काही बोलले नाहीत. घेतलेल्या सुपाऱ्या तेवढ्या पुऱ्या केल्या. पुढच्या हंगामात कुणी विचारायला आलं तर हात जोडून नाही म्हणायला लागले.

नाशिकजवळच्या गिरणारे भागात आमची दोन एकर जमीन होती. २०१० साली तिथं चार ठाणांची, म्हणजे चार घोडे बांधायच्या जागांची पागा बांधली, शेजारी वाळूचं रिंगण केलं आणि घोडेस्वारी शिकवायचं ठरवलं. ठरवलं खरं, पण शिकवणार कोण? भाऊंना घोडा हाकता येत होता, मला घोड्यावर बसता येत होतं. दुसऱ्याला शिकवायचं म्हणजे स्वारी मुळापासून यायला हवी. नाशिकच्या पोलीस अकादमीत फौजदारांना घोडेस्वारी शिकवतात. तिथून निवृत्त झालेले एक उस्ताद आम्हाला भेटले. त्यांनी वर्षभर मला शिकवलं आणि फीचा विषय एकदाही निघू दिला नाही. पहिला महिना त्यांनी माझ्या हातात लगाम दिला नाही. पाय ठेवायच्या रिकिबी काढून ठेवलेल्या. ते मध्ये लांब दोरी धरून उभे, घोडा दुडकी चालीत त्यांच्याभोवती गोल आणि मी दोन्ही हात पसरून वर. पडलो की म्हणायचे, "बैठक नाही तोवर लगाम नाही. तोल जाईल तेव्हा तू लगामाला लोंबकळणार आणि सोसायचं त्याच्या तोंडानं." आजही आमच्याकडे नवा विद्यार्थी असाच सुरू होतो. पहिला आठवडा तर खोगीरसुद्धा नाही. खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासायचा ब्रश, फिरवायचा, खुरातली माती-खडे आकड्यानं काढायचे, तोंडाला दोरीची मोहरकी घालून घोडा नुसता चालवायचा. काही पालकांना हे पटत नाही, पैसे भरून पोराला तबेल्यात राबवता का म्हणतात. त्यांना मी पंधरा दिवसांनी बघायला बोलावतो.

पहिली घोडी घेतली सारंगखेड्याच्या यात्रेत. तापीकाठी दत्तजयंतीला भरणारा हा घोडेबाजार म्हणजे आमच्या धंद्याची पंढरी. तिथं भाव नुसत्या चालीवर आणि उंचीवर ठरत नाही, अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरही ठरतो. मानेवर देवमण नावाचा भोवरा असला तर किंमत चढते. डोळ्याखाली भोवरा असला तर त्याला आसूढाळ म्हणतात. अशी घोडी घरात रडं आणते म्हणून गिऱ्हाईक पुढं सरकतं. सगुणाच्या डाव्या डोळ्याखाली तो भोवरा होता. सकाळपासून लोक येऊन तोंड बघायचे आणि निघून जायचे. भाऊ तिच्याजवळ तासभर बसून राहिले. तेवढ्या वेळात तिच्या पोटाखालून एक कुत्रं गेलं, मालकाचा लहान मुलगा तिच्या पायाला टेकून झोपला, ती हलली नाही. भाऊंनी चारही खूर उचलून बघितले, दात बघितले आणि म्हणाले, "हीच." लोक सोडून देत होते त्या भावात मिळाली. पुढची तेरा वर्षं आमच्याकडे आलेलं जवळपास प्रत्येक पोर पहिल्यांदा सगुणावर बसलं.

शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे घोडे, घ्यायला लागलो तेव्हा मात्र आमचं शिक्षण नव्यानं सुरू झालं. पाच-सहा वर्षांचा, देखणा, निरोगी घोडा, शर्यत जिंकत नाही म्हणून स्वस्तात मिळतो. पण त्याला आयुष्यात एकच गोष्ट शिकवलेली असते. लगाम ताणला की आपला घोडा थांबतो, हा त्या ताणावर रेलून आणखी जोर धरतो, कारण रेसकोर्सवर ताणलेल्या लगामाचा अर्थ पळ असाच असतो. घाबरलेला स्वार ओढतो, घोडा सुटतो, स्वार आणखी ओढतो. अशाच एका घोड्याला, मोतीला, यातून बाहेर काढायला आम्हाला आठ महिने लागले. पहिले दोन महिने त्याच्यावर कुणी बसलंच नाही, नुसतं चरणं आणि हातानं चालवणं. मग रिंगणात कदम चाल, दहा पावलं चालला की लगाम पूर्ण सैल आणि उभा राहिला की शाबासकी. एके दिवशी त्यानं मान खाली सोडून लांब श्वास टाकला आणि घोड्यांची निगा राखणारे आमचे मोतद्दार मामा कठड्यावरून ओरडले, "उतरला, उतरला!" पाठीतला ताण उतरला, असं त्यांना म्हणायचं होतं.

मोती २०१६ च्या पावसाळ्यात गेला. एका व्यापाऱ्याकडून आलेल्या कोंड्याची दोन पोती आतून बुरशीची निघाली, पण ते आम्हाला नंतर कळलं. वरचा थर चांगला होता आणि आम्ही हात आत घालून बघितला नाही. रात्री अकराला मोती पायानं जमीन खोदायला लागला, मान वळवून कुशीकडं बघायला लागला, मग आडवा पडून लोळायला लागला. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं आतड्यांतूनच पुढं जायला हवं, आणि आतड्याला पीळ पडला की वाटच बंद. डॉक्टर दोन वाजता पावसातून आले, नाकातून नळी घातली, तेल सोडलं, इंजेक्शनं दिली. आम्ही पाळीपाळीनं त्याला चालवत होतो. पहाटे साडेपाचला तो बसला तो उठला नाही. तेव्हापासून दररोज रात्री दहाला आमच्याकडे प्रत्येक ठाणात लीद किती पडली हे मोजून वहीत लिहितात. लीद थांबली की डॉक्टरांना फोन, सकाळची वाट बघायची नाही. पोतं उघडलं की कोपरापर्यंत हात आत जातो आणि मूठ नाकाशी येते. बांधावरचं गवतही आम्ही घेत नाही, कारण आमच्या भागात द्राक्षबागा आहेत आणि फवारा कुठवर उडाला हे गवत सांगत नाही.

आमचा हिशेब बाहेरच्या माणसाला उलटा वाटतो. एक घोडा दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त शिकवणी करणार नाही आणि सोमवारी कुणीच नाही, हे आधी ठरतं. मग किती विद्यार्थी घ्यायचे ते निघतं. वजनाचाही नियम आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आतच. साडेतीनशे किलोच्या मारवाडी घोडीवर सत्तर किलो, त्यात खोगीर आलं. त्यामुळे रविवारी दारात आलेल्या भल्या माणसाला परत पाठवायची वेळ येते. हे काम माझी पत्नी करते. ती काटा दाखवते, घोड्याची पाठ दाखवते, चहा देते आणि त्यांच्या मुलांना खरारा हातात देते. बहुतेक लोक समजून घेतात. दर दीड महिन्याला नालबंद, धनुर्वाताची लस, सर्रा आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगांसाठी रक्ततपासणी, हे खर्च पाऊस असो वा मंदी, टळत नाहीत.

२०२० च्या टाळेबंदीत ते फार जाणवलं. सात घोडे, शिकवणी शून्य. एका घोड्याला दिवसाला सात-आठ किलो कोरडा चारा लागतो आणि तो काही थांबत नाही. दोन घोडे विकावेत असं मी एका रात्री भाऊंजवळ बोललो. सकाळी भाऊ शेजारच्या द्राक्षबागायतदारांकडे गेले आणि सौदा करून आले: आमची कुजलेली लीद त्यांच्या बागेला, त्यांच्या दुसऱ्या रानातला लसूणघास आणि कडबा आमच्या घोड्यांना. एकही घोडा विकावा लागला नाही. तो सौदा आजही चालू आहे, आणि धंद्यातली सगळ्यात पक्की जमा मी त्यालाच धरतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली सफाईनं करून घेण्याच्या प्रकारात, भारताच्या संघानं सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत १९८२ नंतर पहिल्यांदाच. संघात मुंबईचा हृदय छेडा होता. त्या आठवड्यात आमचा फोन खाली ठेवता येईना. ड्रेसाज शिकवता का, विचारायचे. मी खरं तेच सांगितलं: आम्ही बैठक शिकवतो, चालींवरचा ताबा शिकवतो, पुढचं शिकायला मोठ्या क्लबात जावं लागेल. आमच्या दोन विद्यार्थिनी तशा पुढं गेल्या आहेत. सुट्टीत आल्या की आधी सगुणाकडं जातात. सगुणा आता कामातून मोकळी आहे, तिच्यावर कुणी बसत नाही.

माझी मुलगी पशुवैद्यकीचं शिकते. तिच्या हट्टानं या वर्षी आम्ही भीमथडीची दोन तट्टं आणली. धनगरांच्या मेंढरांबरोबर बिऱ्हाड आणि कोकरं पाठीवर घेऊन मैलोन्‌मैल चालणारी ही आपल्या दख्खनची जात. अलीकडेच तिची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद झाली. बुटकी, पायांची टणक, लहान पोरांना अगदी बेताची. मोठं लगेच रुळलं. धाकटी, तांबूस, तीन वर्षांची, अजून कुणाला खोगीर लावू देत नाही. मुलगी दररोज सकाळी तिच्या पाठीवर एक रिकामं गोणपाट टाकते, पन्नास पावलं चालवते, काढून घेते. काल पहिल्यांदा गोणपाट हातात दिसल्यावर ती मागं सरकली नाही.