पहिल्या पाण्याचा नमुना

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बोळात जुलाबाचे नऊ रुग्ण निघाले. मागच्या रोटेशनचे (आळीपाळीने पाणी सोडायच्या पाळीचे) नमुने मात्र पिण्यायोग्य आले होते. म्हणून पुढच्या रोटेशनला, पहाटे पावणेपाचला, चावीवाल्याने व्हॉल्व्ह उघडायच्या आधीच आम्ही क्लोरोस्कोप (पाण्यातलं क्लोरीन मोजायची छोटी पेटी) घेऊन बोळाच्या शेवटच्या नळापाशी थांबलो.

आधी नळ नुसता फुसफुसला, मग मातकट पाणी आलं. ओटीचे (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन असलं की पाणी पिवळं करणारं द्रावण) थेंब टाकले, पिवळी छटाच नाही. क्लोरीन शून्य. वीस मिनिटांनी त्याच नळाला लिटरला 0.2 मिलिग्रॅम, पस्तीस मिनिटांनी 0.4. मागचा नमुना अर्ध्या तासानंतर घेतलेला होता, तो चांगला येणारच! (ओटीचा रंग लगेच वाचायचा, रेंगाळलात तर अमोनियाशी जोडलं गेलेलं संयुक्त क्लोरीनही रंग देतं आणि आकडा फुगतो.)

घरातल्या आजी म्हणाल्या, "पयलं पाणी वास मारतंय, पण सोडून द्यायला जीव होत नाही की ओ. परत कधी येतंय!" ते पिंपात जात होतं.

उजनीचं पाणी पाकणीला शुद्ध होऊन येतं आणि टाकीवर क्लोरीन 0.5 होतं. म्हणजे घाण वाटेतच शिरत होती. दोन रोटेशनच्या मधे लाईन रिकामी पडते. पाणी बंद होताना आत ओढ बसते, त्यात नळाला थेट मोटारी. जिथे भोक असेल तिथून गटाराचं पाणी आत येतं. पुढच्या वेळी पुन्हा दाब आला की हेच पाणी सगळ्यात पुढे ढकललं जातं.

पुढच्या रोटेशनला पहिल्या पाण्याची ओटी घरोघर घेतली. व्हॉल्व्हजवळ 0.5, चौथ्या घरी 0.4, सहाव्या घरी शून्य. चौथ्या आणि सहाव्याच्या मधे खोदलं. पाडलेल्या घराचं जुनं अर्ध्या इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपचं) कनेक्शन गटारातून गेलेलं, घराकडे कापलेलं, पण फेरूल (मुख्य लाईनला कनेक्शन जोडणारा तुकडा) मुख्य लाईनवर तसंच उघडं. पाईप गटारातच गंजून हरभऱ्याएवढं भोक पडलेलं. पाणी चालू असताना गळती गटारात जायची, म्हणून कुणाच्या नजरेस आली नाही.

फेरूल काढून प्लग मारला. चार इंची लाईनच्या साठ मीटरमध्ये सुमारे 470 लिटर पाणी मावतं. लिटरला 50 मिलिग्रॅमप्रमाणे साडेतेवीस ग्रॅम क्लोरीन, म्हणजे 25 टक्क्यांची टीसीएल (ब्लीचिंग पावडर) 95 ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू दिला आणि वरची निवळीच लाईनमध्ये सोडली. त्याआधी नळ बंद करून घरोघर सांगितलं. दुसऱ्या दिवशी लाईन धुऊन काढली. पिंपंही रिकामी करून घासायला लावली, नाहीतर जुनंच पाणी पोटात जातं.

पहिल्या दिवशी पहिल्या पाण्याने भरलेली एचटूएस बाटली (पाण्यात विष्ठेतले जंतू असले की काळी पडणारी) दुसऱ्या सकाळी काळी पडली होती, अर्ध्या तासानंतरच्या पाण्याची जशीच्या तशी राहिली होती. दुरुस्तीनंतर पहिल्या पाण्याला ओटी 0.3, आणि बाटली 48 तासांतही काळी झाली नाही.

त्याच लाईनवर अशी आणखी दोन तोडलेली कनेक्शन्स सापडली आहेत. तीही घराकडे नव्हे, फेरूलपाशीच बंद करायला दिली आहेत.