घास घशात अडकतो की छातीत?

"गिळायला होत नाही" म्हटलं की आपल्याकडं घरोघरी एकच उपाय निघतो: पातळ द्या. भाकरी बंद, मटणाचे तुकडे बाजूला आणि समोर वाटीभर पांढरा रस्सा. अन्ननलिका अरुंद झालेल्या माणसाला हे चालून जातं. पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेल्याला मात्र तोच पातळ रस्सा सगळ्यात धोक्याचा ठरू शकतो. म्हणून पथ्य ठरवण्याआधी घास नेमका कुठं अडतो ते विचारा.

गिळायला जातानाच ठसका लागतो, पाणी नाकातून परत येतं, घोटानंतर आवाज ओला आणि घरघरता येतो, अशी लक्षणं असतील तर बिघाड घशाच्या स्नायूंत किंवा त्यांना चालवणाऱ्या मेंदूत आहे. झटका आणि पार्किन्सन (कंपवात) ही नेहमीची कारणं. घास सहज गिळला, पण दोन-चार सेकंदांनी छातीच्या हाडामागं थांबला, तर दुखणं अन्ननलिकेचं. इथं एक फसगत होते. अडथळा खाली असूनही पेशंट बोट गळ्याशी ठेवतो. छातीवर बोट ठेवलं तर मात्र ते बहुधा खरं असतं.

अन्ननलिका म्हणजे साधारण 25 सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. घास तिच्यात नुसता पडत नाही, लाटेनं ढकलला जातो आणि खालची झडप त्याच वेळी सैल पडते. पहिल्या दिवसापासून भाकरी आणि पाणी दोन्ही अडत असेल, तर ही लाट किंवा झडप बिघडलेली असण्याची शक्यता जास्त. झडप सैलच पडत नाही त्या आजाराला अकॅलेशिया म्हणतात. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेमध्ये नळीचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं दिसतं. फुग्यानं झडप ताणणं, ऑपरेशन, किंवा दुर्बिणीतून आतूनच स्नायू कापणं असे चांगले इलाज त्यावर आहेत.

पाणी उतरतं पण भाकरी-मटण अडतं, तर नळी अरुंद झाली आहे. त्यातही आधी भाकरी, मग भात, मग पेजसुद्धा, असं काही आठवड्यांत वाढत गेलं आणि वजन उतरलं, तर कॅन्सर नाही हे आधी नक्की करायचं. तंबाखू, मिश्री, गुटखा, दारू यांपैकी काही असेल तर जास्तच. अशा वेळी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर महिने काढू नका, एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, करून घ्या. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवा नाहीतर खाजगीत, पण काय अडतं, कधीपासून आणि वजन किती उतरलं हे तिन्ही डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

आता झटक्याचे पेशंट. घास जाताना श्वासनलिकेचं तोंड जेमतेम सेकंदभर झाकलेलं राहतं. स्नायू मंद पडले की पाणी, चहा, रस्सा त्याआधीच आत घुसतो आणि न्यूमोनिया होतो. काहींना तर ठसकाही लागत नाही. म्हणून ठसका नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका.

पेय किती दाट हवं ते स्वॅलो थेरपिस्ट, म्हणजे गिळण्याच्या त्रासाचे थेरपिस्ट, ठरवतात, घरी फक्त मोजायचं. सुई काढलेली 10 मिलीची सिरिंज घ्या. तिच्यावरची शून्य ते दहा ही पट्टी 61.5 मिलिमीटरची असावी, नाहीतर मोजमाप चुकतं. टोकाला बोट लावून 10 मिली भरा, बोट काढून दहा सेकंद वाहू द्या, परत बोट लावा. आत 1 ते 4 मिली उरलं तर दाटपणाची पहिली पातळी, 4 ते 8 तर दुसरी, 8 च्या वर पण थोडं तरी वाहिलं तर तिसरी.

दाट करायला स्टार्चची पावडर वापरत असाल तर एक चूक हमखास होते: तोंडातला चमचा परत वाटीत जातो. लाळ स्टार्च मोडते आणि मघाशी दाट असलेलं सूप वाटीतच पातळ होतं. थोडं थोडं वेगळ्या वाटीत काढून भरवा.

मिसळ या पेशंटना नकोच. कट आधी धावतो, फरसाण मागं राहतं, घशाला दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. दुधात कुस्करलेल्या भाकरीचंही तेच. मिक्सरमधून काढून एकजीव करा. मऊ खाणं सांगितलं असेल तर मटणाचा तुकडा दीड सेंटिमीटरपेक्षा मोठा नको. काट्याच्या पाठीनं, अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत दाबा. तुकडा चेपून तसाच राहिला तर चालेल, काटा उचलल्यावर परत फुगला तर अजून शिजवा.

भरवताना ताठ बसवा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. दोन्ही वेळा दात, जीभ, कवळी घासा. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात, त्यामुळं हे काम पथ्याइतकंच महत्त्वाचं. हनुवटी छातीला लावून गिळण्याची युक्ती सगळ्यांना लागू पडत नाही, सांगितली असेल तरच करा.

मटणाचा तुकडा छातीत बसला आणि थुंकीही उतरेना, तर वरून केळं, भाताचा गोळा, सोडा काही ढकलू नका. हाड असेल तर नळीला भोक पडू शकतं. काही तासांत दुर्बिणीनं काढावा लागतो, सकाळची वाट बघू नका. बोलता किंवा खोकताच येत नसेल तर तुकडा श्वासनलिकेत आहे. लगेच 108 लावायला सांगा, पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाजवळच्या भागानं पाच जोरकस थापा मारा. नाही निघाला तर पाठीमागून कवळून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाबा, आणि तुकडा निघेपर्यंत हेच आलटून पालटून करत राहा.