एलसीडीची काच तपासायला ५५५

माझ्या जुन्या मल्टिमीटरमध्ये शेवटच्या आकड्याची एक रेघ उमटेना, त्यामुळे आठाच्या जागी सहा दिसायचा. मीटर बंद पडलेला परवडला, असं धडधडीत खोटं बोलणारा नको. दोष काचेत, काचेखालच्या झेब्रा पट्टीत (काच आणि बोर्ड जोडणारी रबरी पट्टी) की आयसीत, हे कळायला काच सुटी करून तपासणं भाग होतं.

एलईडी असता तर एक सेल आणि एक रेझिस्टर पुरला असता. एलसीडीला मात्र डीसी चालत नाही. आत इलेक्ट्रोलिसिस होऊन सेगमेंट, म्हणजे आकड्याची रेघ, हळूहळू कायमचा खराब होतो. तिला दोन्ही दिशांना सारखाच झुलणारा एसी लागतो, साधारण ३० ते १०० हर्ट्झचा. त्याच्या खाली गेलात की आकडे लुकलुकायला लागतात.

म्हणून ५५५, म्हणजे ठरावीक वेगाने वर-खाली होणारी लहर देणारी टायमर चिप. हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१मध्ये आखलेली ही चिप अजूनही पुण्यात तापकीर गल्लीत कुठेही मिळते. मी सीमॉस जातीची ७५५५ घेतली, त्याला कारण आहे. पाच व्होल्टवर साध्या एनई५५५चं आउटपुट वर जाताना व्होल्ट-दीड व्होल्ट खालीच राहतं, आणि पुढे जोडलेल्या सीडी४०१३ या फ्लिप-फ्लॉप चिपला इनपुटवर निदान साडेतीन व्होल्ट हवेत. इतक्या काठावर कशाला खेळायचं? १० के, ६८ के आणि '१०४' छापलेला (०.१ मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर लावला की सुमारे ९९ हर्ट्झ मिळतात.

पण या लहरीचे दोन भाग सारखे नसतात. वरचा ५३ टक्के, खालचा ४७. खरी गोम इथेच आहे. ही लहर ४०१३च्या क्लॉकला दिली आणि त्याची २ नंबरची पिन ५ला जोडली, की प्रत्येक ठोक्याला आउटपुट उलटतं, त्यामुळे वारंवारता निम्मी होते आणि दोन्ही भाग तंतोतंत सारखे होतात. शिवाय १ आणि २ या पिनांवर एकमेकींच्या उलट लहरी आयत्या मिळतात. एक बॅकप्लेनला (रेघांमागचा सामाईक इलेक्ट्रोड), दुसरी १० केमधून प्रोबला. ४०१३चा दुसरा अर्धा भाग रिकामा राहतो. त्याची इनपुट ग्राउंडला बांधायला विसरू नका.

काच लावण्याआधी दुसऱ्या मीटरने या दोन पिनांमध्ये मोजलं. डीसीवर जवळजवळ शून्य, एसीवर पाचच्या आसपास. मग प्रोब काचेच्या कडेवरून सरकवत नेला. एकेक रेघ काळीभोर उमटत गेली, ती हरवलेलीसुद्धा! शेजारच्या सुट्या रेघा अर्धवट करड्या दिसतात, त्यांनी बिचकू नका. अधांतरी सेगमेंट आजूबाजूची लहर उचलतात.

म्हणजे काच ठणठणीत होती. झेब्रा पट्टी आणि बोर्डावरचे पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले आणि मीटर सुधारला.

आता भंगारातल्या, डेटाशीट नसलेल्या काचांचे पिन शोधायलाही हेच सर्किट वापरतो. कॅल्क्युलेटरच्या काचेला मात्र एकाहून जास्त बॅकप्लेन असतात. प्रत्येकावर वेगळ्या रेघा उमटतात, त्यामुळे कागदावर तक्ता मांडावा लागतो. आणि तिथे पाचऐवजी तीन व्होल्टच द्यावेत, नाहीतर सगळंच काळवंडतं.