तोस्कानातले कच्चे रस्ते, चार दिवस आणि एक चिखल

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास माझं पुढचं चाक फिरायचंच थांबलं. ब्रेक अडकला नव्हता, काही मोडलंही नव्हतं. टायर आणि फोर्कमधली बोटभर जागा राखाडी चिखलानं ठासून भरली होती. मागे वळून बघतो तर मेहुणा सायकल खांद्यावर घेऊन चालत येतोय. "दाजी, हे तर आपलं काळं रान!"

आम्ही दोघंही सातारा जिल्ह्यातले. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात पाऊल टाकलं की चपलेला किलोकिलोचे गोळे लागतात, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण इटलीतल्या तोस्काना म्हणजे टस्कनी प्रांतात सायकल फेरीला जाताना हे शहाणपण आम्ही घरी ठेवून गेलो होतो. रात्रभर पाऊस पडलेला, सकाळी ऊन पडलं, आणि आम्ही सरळ मातीत घुसलो. काडीनं चिखल कोरायचा, पन्नास पावलं जायचं, परत कोरायचा. दोन किलोमीटरला सव्वा तास. शेवटी एका शेतघराच्या अंगणात पाण्याचा पाइप दिसला. तिथल्या आजीबाईंनी आमच्याकडे बघितलं आणि काही न बोलता नळ सोडला. असे सायकलवाले त्यांना नवीन नसावेत.

आता मार्गाबद्दल. सिएनाच्या उत्तरेला कियांतीच्या डोंगरात गायोले नावाचं छोटं गाव आहे. १९९७ मध्ये तिथे 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली, पहिल्या वर्षी ९२ जण होते. खडीच्या पांढऱ्या रस्त्यांवर डांबर पडू नये, ते आहेत तसे राहावेत, हा त्यामागचा हेतू. ऑक्टोबरच्या सुरुवातीला होणाऱ्या त्या फेरीत १९८७ किंवा त्याआधीच्या धाटणीची सायकल लागते. पण त्याच वाटेवर तपकिरी पाट्या लावून २०९ किलोमीटरची कायमची फेरी आखली आहे. ती वर्षभर कुणालाही, कुठल्याही सायकलवर करता येते. निम्म्याहून जास्त रस्ता कच्चा आहे आणि एकूण चढाई साडेतीन हजार मीटरच्या पुढे जाते.

या आकड्यांतला २०९ विसरा आणि चढाईचा आकडा लक्षात ठेवा. आपल्याला घाटाची सवय असते: एकदा चढायला लागलं की लय सापडते. इथे तसं नाही. एक-दीड किलोमीटरचा उभा चढ, लगेच तेवढाच उतार, खाली ओढा, पुन्हा चढ, असं दिवसभर. शिवाय उभं राहून पॅडल मारलं की मागचं चाक खडीवर घसरतं, म्हणजे बसूनच चढायचं. भाड्याची सायकल घेताना सगळ्यात हलका गिअर कोणता हे आधी विचारा. मी विचारलं नाही आणि माँताल्चीनोचा अर्धा चढ पायी चढलो.

पहिला दिवस आम्ही सोपा ठेवला. गायोलेहून ब्रोलिओच्या किल्ल्यापर्यंत जाणारा, दोन्हीकडे सायप्रसची झाडं असलेला कच्चा चढ हे या फेरीचं प्रसिद्ध चित्र. लेरोइकाच्या दिवशी पहाटेच्या अंधारात तिथे मशाली लावतात. किल्ला रिकासोली घराण्याचा. कियांती वाइनमध्ये कोणती द्राक्षं किती घालायची याचं सूत्र याच घराण्यातल्या बेत्तिनोनं एकोणिसाव्या शतकात बसवलं. मुक्काम सिएनात. तिथल्या शिंपल्यासारख्या उतरत्या चौकात मार्चमध्ये 'स्त्रादे बियांके' ही व्यावसायिक सायकल शर्यत संपते. २ जुलै आणि १६ ऑगस्टला त्याच चौकात घोड्यांची शर्यत असते. त्या दिवसांच्या आसपास खोलीचा नादच सोडा.

दुसऱ्या दिवशी राडी, मुर्लो, मग माँताल्चीनो. मुर्लो म्हणजे तटबंदीच्या आत मावलेली जेमतेम दोन गल्ल्यांची वस्ती, पण तिथलं एत्रुस्कन लोकांचं, म्हणजे रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्यांचं, संग्रहालय चुकवू नका. रुंद काठाची टोपी घातलेला दाढीवाला मातीचा पुतळा आहे तिथे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस थेट काउबॉय दिसतो. माँताल्चीनोची ओळख आज ब्रुनेल्लो वाइनमुळे आहे, पण १५५५ मध्ये सिएनाचं स्वतंत्र प्रजासत्ताक शत्रूच्या हाती पडल्यावर तिथले लढवय्ये याच टेकडीवर येऊन आणखी चार वर्षं लढत राहिले. सायकल ढकलत वर पोचल्यावर त्यांनी हीच जागा का धरली ते पोटऱ्यांना समजतं.

आणि तिसरा दिवस चिखलाचा. हे असं का होतं ते नंतर कळलं. कियांतीत खाली खडक आहे, त्यामुळे पाणी निचरतं आणि पाऊस थांबल्यावर रस्ता लवकर सुधारतो. सिएनाच्या आग्नेयेला मात्र 'क्रेते' सुरू होतं. क्रेते म्हणजेच चिकणमाती. काही दशलक्ष वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाचा हा गाळ. वर खडीचा पातळ थर, तो विरळ झाला की नुसती माती. म्हणून आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर हट्ट करू नका. बुओनकोन्वेंतोहून माँते ओलिवेतो मठावरून आशानोला डांबरी रस्ता जातो, तो धरा. आम्ही धुतलेल्या सायकली घेऊन तेच केलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्या प्रवासातली सर्वात सुंदर दुपार डांबरावर मिळाली. मठ १३१३ मधला. आतल्या चौकाच्या चारही भिंतींवर सिन्योरेल्ली आणि सोदोमा यांची चित्रं आहेत. योगायोग असा की खाली बुओनकोन्वेंतोत पवित्र रोमन सम्राट सातवा हेन्री वारला तोही १३१३ मध्येच.

चौथ्या दिवशी आशानोनंतर माँते साँते मारीए हा साडेअकरा किलोमीटरचा कच्चा टप्पा लागतो. स्त्रादे बियांके तीनदा जिंकणाऱ्या स्विस सायकलपटू फाबियान कांचेलाराचं नाव या टप्प्याला दिलं आहे. २०२४ मध्ये स्लोव्हेनियाच्या तादेई पोगाचारनं इथूनच ८१ किलोमीटर एकट्यानं मारून शर्यत जिंकली. मला विचाराल तर अख्ख्या फेरीत फक्त हा एक टप्पा करायला मिळाला तरी चालेल. दोन्ही बाजूंना मे महिन्यातला हिरवा गहू, मध्ये माळरानावर एखादंच झाड, आणि पांढरा रस्ता टेकडीच्या कण्यावरून जातो. मात्र सावली नाही, पाणी नाही. आशानोत दोन बाटल्या भरून घ्या. 'नॉन पोताबिले' (पिण्यायोग्य नाही) लिहिलेल्या नळाचं पाणी पिऊ नका.

उतारांवर जपा. कुठे कुठे रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा झालाय. गाड्यांच्या चाकांनी दाबलेली चाकोरी धरून चला. मधल्या आणि कडेच्या सुट्या खडीत पुढचं चाक गेलं की संपलं. पुढचा ब्रेक वळणाआधी मारा, वळणात नाही. माझं वजन ७४ किलो, ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर, हवा ३५ पीएसआयच्या आसपास ठेवली, ती बरी वाटली. मेहुण्यानं पहिल्या दिवशी ५० ठेवली होती. संध्याकाळी त्याला हातात चमचा धरवेना.

खाण्याचं वेळापत्रक चढांपेक्षा अवघड. दुपारी एक ते चार गावातली दुकानं बंद, जेवण रात्री साडेसातच्या आधी नाही. साडेबारालाच ब्रेड आणि पेकोरीनो हे मेंढीच्या दुधाचं चीज घेऊन ठेवा. ब्रेडमध्ये मीठ नसतं, ती तिथली रीतच आहे, तक्रार करू नका. शाकाहाऱ्यांसाठी 'पीची' हा हातानं वळलेल्या जाड शेवयांचा पास्ता आहे, आल्लिओने म्हणजे टोमॅटो-लसणाच्या रश्शात मागा. कडक शाकाहारी असाल तर पेकोरीनोत बहुतेक वेळा वासराचं किंवा कोकराचं रेनेट (दूध फाडायला वापरलेला, त्यांच्या पोटातला पदार्थ) असतं हे ध्यानात घ्या. कॉफी उभ्यानं प्यायली तर टेबलापेक्षा स्वस्त पडते. आणि मेंढ्यांच्या कळपाजवळ मोठी पांढरी कुत्री दिसली तर सायकलवरून उतरा, सायकल मध्ये धरा आणि सावकाश चालत पुढे व्हा. पळालात तर ती मागे लागणार.

आम्ही शेवटच्या दिवशी आशानो ते गायोले एका दमात केलं. ती चूक. रादा गावाचा चढ संध्याकाळी सहाला लागला आणि दोघांचं बोलणं बंद झालं. पाच दिवस ठेवा आणि चौथ्या रात्री कास्तेल्नुओवो बेरार्देंगात थांबा. सायकल भाड्यानं देणाऱ्यानं अनामत रकमेतून धुण्याचे पैसे कापले. पावतीवर ते आधीच छापलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं.

गायोलेला रेल्वे नाही. फिरेंझेहून (फ्लॉरेन्सहून) प्रादेशिक गाडीनं दीड-पावणेदोन तासांत सिएना गाठा. या गाड्यांत सायकलचं वेगळं तिकीट असतं. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर दंड. वेगवान गाड्यांत मात्र सायकल घडी घालून किंवा पिशवीत भरूनच चालते. फेरी गोल असल्यामुळे सिएनाहूनच सुरू केली तर गायोलेपर्यंतची खटपटही वाचते.