पेपर पाठवण्याआधी घरचं कॅलेंडर

आमच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या क्षेत्रात जर्नलमधल्या शोधनिबंधाइतकंच, कधीकधी त्याहून जास्त, वजन कॉन्फरन्सच्या पेपरला, म्हणजे तिथे मांडलेल्या शोधनिबंधाला असतं. त्यातली आयसीएसई ही आंतरराष्ट्रीय परिषद १९७५ पासून भरतेय. अशा परिषदांत पेपर घेतला गेला की लेखकांपैकी निदान एकाने नोंदणी करून तो मांडायचा असतो. म्हणजे जायचं की नाही हे पेपर पाठवतानाच ठरून जातं. हे मला उशिरा उमगलं, आणि तेही आईच्या मोतीबिंदूमुळे.

पेपर पाठवला तेव्हा ऑपरेशनचा विषयही नव्हता. पेपर लागला, मग ऑपरेशनची तारीख मिळाली, आणि परिषद बरोबर त्याच्या पुढच्या आठवड्यात आली. सहलेखिका असलेल्या माझ्या विद्यार्थिनीचा व्हिसा वेळेत झाला नाही, म्हणून मलाच निघावं लागलं. डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, दोन बाटल्या, मध्ये थोडं थांबायचं. मी दोन्ही बाटल्यांना चिकटपट्टी लावून वर ठळक १ आणि २ लिहिलं, फोनवर चार गजर लावले. गजर झाला की आईला फोन, इतकं साधं.

विमानातून उतरले, फोनने तिथली वेळ घेतली आणि गजरही त्याच वेळेला सरकले. आठचा गजर वाजला तेव्हा घरी दुपार उलटून गेली होती. "अगं, तुझ्या फोनचीच वाट बघत बसले होते," आई म्हणाली. डॉक्टरांनी राहिलेले थेंब लगेच घालायला सांगितले, डोळाही छान बरा झाला. पण त्या दिवशी माझं भाषण कसं झालं ते मला आठवत नाही, आईचा तो आवाज आठवतो.

आता पेपर पाठवण्याआधी परिषदेच्या तारखा घरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिते आणि सगळ्यांना विचारते. मांडायला दोघांची तयारी करून घेते. प्रवासात एक साधं घड्याळ घरच्या वेळेवरच ठेवते. पेपर पाठवायची डेडलाइन बहुतेकदा यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, बारा तास मागे मोजतात, त्यामुळे एक जादा रात्र मिळाल्यासारखी वाटते. ती मी पेपरला देत नाही. आणि निघताना कोडमध्ये एक नापास होणारी टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा तुकडा, मुद्दाम ठेवून जाते. परतल्यावर डोकं जड असतं, शरीराला वेळेशी जुळवून घ्यायला साधारण दर तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो, अशा वेळी नापास टेस्टची ती लाल ओळच सांगते की कुठून सुरू करायचं.

आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. त्याच सुमारास आमचा पेपर आहे, आणि तो माझी विद्यार्थिनी मांडणार आहे. युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पेपर लागल्याचा मेल आला त्याच आठवड्यात आम्ही दोघींनी बसून तिचा अर्ज भरला.